गिऱ्हाईक नसते तेव्हा

जुलैच्या मध्यावर भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने सिहोऱ्यात शिरले, की दुकाने उघडी दिसतात, माणसे मात्र दिसत नाहीत. माणसे बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, असतात. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटायचे, चिखलणी झालेल्या बांधीत ओळीने लावत जायचे आणि पावसाने दिलेल्या मोजक्या आठवड्यांत सगळे उरकायचे. रोवणी लांबली तर धान कमी होते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. मजूर बाया सकाळीच गटागटाने निघतात आणि दिवेलागणीला चिखलाने भरलेल्या पायांनी परततात. मधल्या वेळात कृषी केंद्र आणि ट्रॅक्टरचा मिस्त्री यांना दम घ्यायला फुरसत नसते. शिंपी, सुतार, भांडीवाला, कापडवाला, फोटो स्टुडिओवाला यांच्याकडे मात्र दुपारपर्यंत भवानीही होत नाही.

नोकरदाराला असा दिवस भरून मिळतो. त्याचा पगार चालू असतो. स्वतःचा धंदा करणाऱ्याला तो स्वतःच भरून काढावा लागतो. देशात अशा माणसांची संख्या थोडी नाही. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार काम करणाऱ्या दर 100 भारतीयांपैकी सुमारे 58 जण स्वयंरोजगारात आहेत. शेतकरी त्यात आले, तसेच पानठेल्यापासून वेल्डिंगच्या दुकानापर्यंत सगळे आले. म्हणजे गिऱ्हाईक नसलेल्या तासांचे काय करायचे, हा प्रश्न निम्म्याहून अधिक कष्टकरी देशाचा आहे. त्याचे उत्तर शोधायला धानपट्ट्याइतकी चांगली जागा नाही, कारण इथे गर्दी आणि शुकशुकाट दोन्ही वेळापत्रक लावून येतात.

सिहोरा हे तुमसर तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. एका अंगाला चांदपूरचा जलाशय, दुसरीकडे मध्य प्रदेशच्या सीमेवरून येणारी बावनथडी. नदीचे पाणी सोंड्याटोला उपसा सिंचन योजनेतून उचलून चांदपूरच्या जलाशयात टाकतात आणि तिथून ते परिसरातल्या बांध्यांना मिळते. पाऊस, नदी, जलाशय आणि धान हीच इथली अर्थव्यवस्था. दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, शेतात कापलेल्या धानाचे पुंजणे रचले जातात, मळणी होते, आणि धान आधारभूत खरेदी केंद्रावर किंवा व्यापाऱ्याकडे जाते. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला 2,369 रुपये ठरली. पण केंद्रावर धान मोजून दिले म्हणजे पैसा हाती आला, असे होत नाही. चुकारे कधी काही दिवसांत जमा होतात, कधी महिने जातात. शेतकऱ्याच्या खात्यात चुकारा पडला, की दोन-चार दिवसांत तो सिहोऱ्याच्या आणि तुमसरच्या दुकानांतून फिरू लागतो. तोवर वहीत उधारी.

मग लग्नसराई येते आणि मंडपवाला, बँडवाला, कासार, सोनार, शिंपी यांचे दिवस फिरतात. मृग नक्षत्र लागले, की हाच पैसा बियाणे आणि खतात जातो आणि बाजारात पुन्हा सामसूम होते. आषाढी एकादशीपासून चातुर्मास सुरू होतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. भाद्रपदाचा उत्तरार्ध पितृपक्षाचा. त्या पंधरवड्यात मोठी खरेदी टाळणारी घरे आजही पुष्कळ आहेत. साधारण तीन वर्षांनी अधिक महिना येतो. 2023 मध्ये तो श्रावणात आला, म्हणजे आधीच मंद असलेल्या काळात. 2026 चा अधिक ज्येष्ठ मात्र 17 मे ते 15 जून असा ऐन उन्हाळ्यात पडतो. लग्नांवर पोट असलेल्याला हा मोठाच फटका. त्याच महिन्यात जावयाला धोंड्याचे वाण द्यायचे असते, त्यामुळे तांब्यापितळेची भांडी विकणारा आणि अनारसे करणारी बाई यांना मात्र काम मिळते. एकाची मंदी चालू असताना शेजारच्याची गर्दी असते, ती अशी.

या सगळ्यात महत्त्वाची बाब एकच आहे. ही मंदी अचानक येत नाही. ती पंचांगात आणि पावसाळ्याच्या क्रमात आधीच लिहिलेली असते. तरीही बहुतेक धंदेवाईक तिला दरवर्षी नव्याने आलेले संकट मानतात आणि दुकानात बसून रस्त्याकडे पाहत राहतात. शेतकरी असे करत नाही. उन्हाळ्यात बांधीत काही नसते तेव्हा तो धुरे बांधतो, शेणखत टाकतो, नांगरट करतो. पाऊस पडल्यावर या गोष्टींना वेळ मिळणार नाही, हे त्याला माहीत असते. दुकानदाराला हीच समज आपल्या कामात आणता येते आणि काही जातिवंत कारागिरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या आणलेली आहे.

सुतार पाहा. पावसाळ्यात घरबांधणी थांबते, दारेखिडक्या मागायला कोणी येत नाही. पण श्रावणाच्या शेवटी पोळा असतो आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान मुलांनी लाकडी नंदी सजवून मिरवायचा हा सण पूर्व विदर्भात मनापासून साजरा होतो. नागपूरकर भोसल्यांनी तो सुरू केला, असे परंपरा सांगते. मुठीएवढ्या नंदीपासून चाकांवर ओढायच्या पुरुषभर उंचीच्या नंदीपर्यंत सगळे लाकूडकाम होते ते जुलै-ऑगस्टच्या रिकाम्या दिवसांत, आणि पुष्कळदा आधीच्या कामांतून उरलेल्या तुकड्यांतून. विक्री दोन-तीन दिवसांची असते, तयारी दीड-दोन महिन्यांची. कुंभाराचेही असेच. ओल्या हवेत भट्टी लावता येत नाही, म्हणून मडकी थांबतात. पण गणपती, शारदा आणि दुर्गेच्या मातीच्या मूर्ती भाजायच्या नसतात. मंद काळात कोणते काम होऊ शकते, हे या कारागिरांनी हवामान आणि सण यांच्या मधोमध शोधून काढले.

जंगलाचा हिशेबही शेताच्या सुट्टीत बसणारा. बांध्या कोरड्या पडल्या, की मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल गळू लागते. ते पहाटेच वेचावे लागते. ऊन चढले, की फूल कोमेजते आणि गुरेढोरेही पोचतात. त्यानंतर मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे जंगलात जायचे, दुपारी घरी सावलीत बसून पाने जुळवून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. शेतीला जो दोन महिन्यांचा खंड पडतो, त्यात भंडारा-गोंदियाच्या हजारो कुटुंबांची वर्षभराच्या मिठामिरचीची सोय होते.

झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखाची, रंगभूमी अशाच खंडावर उभी राहिली, फक्त वर्षाच्या दुसऱ्या टोकाला. भाऊबीज झाली, की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, दंडार आणि खडी गंमत या लोककला रंगतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत रात्रभर चालणारे प्रयोग करीत फिरतात. कलावंतांपैकी अनेक जण उरलेल्या वर्षात शेती करतात, मजुरी करतात, दुकान चालवतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवणारे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ‘हंगामी’ या शब्दाला किती मोठे काम पेलता येते, ते महाराष्ट्राला दिसले. पडदे रंगवणारे, ध्वनिक्षेपक लावणारे, मंडप उभारणारे यांचे पोटही याच हंगामावर. नोव्हेंबरमध्ये एका रात्रीत तीन गावांची मागणी आली, की वायर तपासत बसता येत नाही. ती पावसाळ्यातच तपासून, सांधून, गुंडाळून ठेवावी लागते.

मंदीच्या दिवसांची चिंता मोठ्या माणसांनीही केली होती. 1926 साली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने 1928 च्या अहवालात भारतीय शेतकऱ्याला वर्षातून किमान दोन ते चार महिने काहीच काम नसते, याकडे लक्ष वेधले. गांधीजींच्या चरख्यामागचा आर्थिक विचार हाच होता. शेतकऱ्याच्या रिकाम्या महिन्यांना घरबसल्या उत्पन्न देईल आणि शेतीचे काम आले, की बाजूला ठेवता येईल, असे साधन त्यांना हवे होते. 1934 मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन अशा उद्योगांवर तिथे काम केले. पुढे 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मजुराच्या रिकाम्या हातांची जबाबदारी राज्याने घेतली, ही महाराष्ट्राने देशाला दिलेली फार मोठी गोष्ट आहे. छोट्या धंदेवाल्याचा रिकामा काळ मात्र कुठल्याच कायद्यात नाही. शिंप्याला भाद्रपदात ‘मागेल त्याला काम’ म्हणून शिवण मिळत नाही. त्याला ते स्वतःच घडवावे लागते.

ते घडवताना माणसे चुकतात कुठे, यावर एक गाजलेला अभ्यास आहे, दूर न्यूयॉर्कमधला. कॉलिन कॅमरर, लिंडा बॅबकॉक, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि रिचर्ड थेलर या चार अभ्यासकांनी तिथल्या टॅक्सीचालकांच्या रोजच्या फेऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि 1997 मध्ये निष्कर्ष मांडला. बरेच चालक दिवसाचा एक आकडा मनाशी धरतात. प्रवासी भरपूर असतील त्या दिवशी तो लवकर पुरा होतो आणि ते घरी जातात. प्रवासी नसतील त्या दिवशी तो गाठण्यासाठी उशिरापर्यंत रस्ते धुंडाळतात. म्हणजे कमाई चांगली असते तेव्हा कमी काम आणि वाईट असते तेव्हा जास्त. पुढे 2005 मध्ये हेन्री फार्बर यांनी या निष्कर्षाला आव्हान दिले. चालक थांबतात ते मुख्यतः किती तास झाले त्यावरून, असे त्यांचे म्हणणे. हा वाद अर्थशास्त्रात अजून रंगतो. पण तुमसर-सिहोरा-बपेरा मार्गावर काळीपिवळी चालवणाऱ्याला त्यातली खूण पटेल. रोवणीच्या दिवसांत सवारीसाठी तासन्‌तास थांबून राहण्यात वेळही जातो आणि जीवही. तेच तास गाडीच्या ब्रेकला, कागदपत्रांच्या नूतनीकरणाला किंवा झोपेला दिले आणि मंडईच्या आठवड्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत गाडी चालू ठेवली, तर वर्षाचा हिशेब सुधारतो.

झोपेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. विश्रांतीही याच हिशेबात धरायला हवी. मे महिन्यात विदर्भाचा पारा 45 अंशांवर जातो. दुपारी बारा ते चार बाजार आपोआप मिटतो. तसाही दुपारी एक ते तीनच्या सुमारास माणसाचा तरतरीतपणा उतरतो. शरीराच्या घड्याळाचा तो भाग आहे, जेवण हलके घेतले तरी थोडाफार जाणवतोच. म्हणून मंद तास मिळाले, एवढ्यावर भागत नाही. कोणत्या तासात कोणते काम करायचे, हेही ठरवावे लागते. आकडेमोड, मापावरून कापड बेतणे, इंजिनाचा दोष शोधणे, नव्या मालाचा अंदाज बांधणे ही डोके लागणारी कामे सकाळी, बाजार जागा होण्याआधी. दुपारी हाताची कामे: काज-बटण, गिरणीच्या पट्ट्याची सफाई, फळ्यांवरची धूळ, मालाची मांडणी, खिळे-स्क्रू निवडणे. मोबाइल मात्र दोन्ही वेळी बाजूला हवा. रिकामा तास सर्वांत जास्त कोण खातो, हे दुकानात बसणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

धानपट्ट्यातल्या दुकानदाराकडे मंद काळातले एक काम असे आहे, की त्यावर त्याचे सगळे वर्ष उभे असते. ते म्हणजे वही. इथला धंदा उधारीवर चालतो आणि उधारी धानावर. गर्दीच्या दिवसांत घाईघाईने लिहिलेल्या नोंदींत नाव असते पण गाव नसते, रक्कम असते पण तारीख नसते. श्रावण-भाद्रपदात बसून प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते वेगळे काढले, तर कोणाकडे किती आणि किती जुने येणे आहे, ते दिसते. कोणाचे धान हलके, म्हणजे लवकर येणारे, आणि कोणाचे भारी, उशिराचे, हे गावात राहणाऱ्याला माहीतच असते. त्यावरून कोणाचा पैसा कधी येईल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो आणि दिवाळीचा माल किती भरायचा ते ठरते. वसुलीसाठी चांगला शब्द टाकायलाही हाच काळ बरा. चुकारा जमा झाल्याच्या दिवशी दारात उभे राहिलेल्या दुकानदारापेक्षा, महिनाभर आधी हिशेब नीट सांगून गेलेल्या दुकानदाराला माणसे आधी देतात.

पंप आणि मळणी यंत्रांच्या मिस्त्री लोकांचे वेळापत्रक वेगळे. उन्हाळी धानाला पाणी देताना विजेचा दाब कमी-जास्त झाला, की पंपांच्या मोटारी जळतात आणि वाइंडिंग करणाऱ्याकडे त्यांची रांग लागते. जोराचा पाऊस सुरू झाला, की ती रांग संपते. मळणी यंत्र दुरुस्त करणाऱ्याचे हात दिवाळीनंतर चालू लागतात. अशा कारागिराने मंद महिन्यात गिऱ्हाइकाकडे जाऊन यंत्र आधीच तपासून देणे, हे उत्पन्नाचे नवे साधन होऊ शकते. सप्टेंबरमध्ये बेअरिंग बदलायला जेवढा खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट नुकसान ऐन मळणीत यंत्र बंद पडल्याने होते; शेतकऱ्याला हे समजावून सांगणे फारसे अवघड नाही. मंदीला टाळण्याचा आणखी एक मार्ग पंजाबातल्या कापणी यंत्रांच्या मालकांनी दाखवला आहे. आपल्याकडचा गहू संपला, की थांबायचे नाही. जिथे पीक उभे आहे, त्या राज्याची वाट धरायची. हजारो किलोमीटरचा हा फेरा म्हणजे दुसऱ्याच्या हंगामात आपला रिकामा काळ नेऊन बसवणे.

शिकण्याचा प्रश्नही वेळेचाच आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, गवंडी, मासेमारीची जाळी विणणारे असे 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना. पण एप्रिलमध्ये शिंप्याला प्रशिक्षणाला बोलावले, तर तो लग्नाचे कपडे सोडून जाईल कसा? पितृपक्षात बोलावले तर तो आनंदाने येईल. तुमसर-मोहाडी-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात प्रशिक्षणाची तारीख हाच योजनेचा अर्धा भाग असतो आणि ती तारीख ठरवताना कार्यालयाच्या आर्थिक वर्षाइतकेच महत्त्व गावाच्या रोवणी-कापणीला द्यायला हवे.

इथवरचे सगळे ज्याच्याकडे दुकान आहे, त्याला लागू होते. घरात यंत्र ठेवून ब्लाउज शिवणारी, पापड लाटणारी, विड्या वळणारी बाई हीसुद्धा स्वयंरोजगारीच आहे. तिला रिकामा तास मिळतो का? केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसातली सरासरी 289 मिनिटे विनामोबदला घरकामात जातात, असे आढळले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88 मिनिटे. सिहोरा परिसरात रोवणीच्या दिवसांत तर ती दिवसभर वाकून बांधीत असते आणि परतल्यावर चूल तिचीच. शिलाईयंत्राला उरतात रात्री नऊ-दहानंतरचे तास, थकलेल्या डोळ्यांचे. विडी वळणारीची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. मधे दहादा उठावे लागले, तर तो हजाराचा आकडा रात्री पुरा होतो. पुरुषाच्या धंद्यात मंदी आली, की हाताला फुरसत मिळते. तिच्या धंद्यात मंदी आली, की घरातले दुसरे काम ती जागा घेते.

म्हणून तिच्या बाबतीत पहिला बदल घराने करायचा आहे. दुकान मंद असलेल्या महिन्यांत नवऱ्याने पाणी भरणे, मुलांचा अभ्यास, संध्याकाळचा स्वयंपाक यांतले काही उचलले, तर दिवसाउजेडीचे दोन तास तिच्या यंत्राला मिळतात. दिवाळीचे ब्लाउज रोवणी आटोपल्यावर बेतायला घेता येतात. अश्विनात रात्री जागवाव्या लागत नाहीत. दुसरा बदल योजना राबवणाऱ्यांच्या हाती आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मुक्कामाचे प्रशिक्षण कितीही चांगले असले, तरी आठवडाभर घर सोडणे तिला कुठल्याच महिन्यात जमत नाही. तेच प्रशिक्षण सिहोऱ्यात, गावातल्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत, रोवणी आटोपून कापणी सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत, सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळात भरवले आणि शेजारच्या खोलीत लहान मुलांना सांभाळायला एक बाई ठेवली, तर हरदोली-बपेऱ्यापासूनच्या बायका काळीपिवळीने येऊन संध्याकाळच्या आत घरी पोचू शकतील. काळीपिवळीवाल्यालाही त्या दिवसांत सवारी हवीच असते.